मेल्बा होती तिथून

मानाग्वाच्या बसतळाबाहेर एका टॅक्सीवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "कुठं सोडू, राणी?"

मेल्बा उर्रोसनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. सान होसेहून निघालेली बस, सरहद्दीवरची रांग, मग पुन्हा बस. साठीला टेकलेलं अंग पार आंबून गेलं होतं. तरी पत्ता सांगताना तिचा आवाज आपोआप चढला. हा पत्ता सांगायला तिला नेहमीच आवडायचं. त्यात तिचंच नाव होतं, आणि नावाआधी 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब.

"पाण्याच्या टाकीची वस्ती. दोन्या मेल्बाच्या कोपऱ्यावर."

"हां, म्हणजे दोन्या मेल्बा होती तिथं." त्यानं मागचं दार उघडून दिलं. "बसा."

मागच्या सीटवर आंब्यांची टोपली मांडीवर घेऊन एक बाई आधीच बसलेली होती. मेल्बा तिच्या शेजारी शिरली. टॅक्सी निघाली. मेल्बाला वाटलं, रहदारीच्या गोंगाटात त्याला नीट ऐकू आलं नसेल.

"होती नाही," ती पुढे वाकून म्हणाली. "आहे."

"होती, आई, होती. गेली बिचारी. तुम्ही बऱ्याच दिवसांनी येताय वाटतं."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. देवाघरी."

मेल्बानं पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला. बंद खरखरीत होता, तळहाताला रुतत होता. म्हणजे हात तर आपलाच आहे.

"कशानं गेली?" तिनं विचारलं.

"बस दरीत कोसळली. कोस्टा रिकाच्या घाटात."

"छे हो!" आंबेवाली मध्येच बोलली. "ती बस दुसऱ्या कुणाची. ही थंडीनं गेली. लेकीकडे गेली होती ना, तिकडे डोंगरात गारठा असतो. आपल्या माणसाला सोसतो का तो? मला पक्कं माहितीये. नऊ दिवसांच्या जपाला गेले होते मी, शेवटच्या दिवशी."

"कसा झाला जप?" हे आपण का विचारलं ते मेल्बाला कळलं नाही.

"गर्दी खूप. पण कॉफी अगदी पातळ. पाणीच नुसतं. त्या बाईनं जन्मभर अख्ख्या वस्तीला खाऊ घातलं, आणि तिच्या नावानं असली कॉफी!"

एवढ्या धक्क्यातही मेल्बाला पहिला राग आला तो कॉफीचा. 'मीच मेल्बा' असं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. आपण जिवंत आहोत हे दुसऱ्याला सांगायची माणसाला सवय नसते. कुठून सुरुवात करायची तेच तिला सुचेना. खिडकीबाहेर गुलमोहर फुलले होते, पोरं सिग्नलला पाण्याच्या पिशव्या विकत होती, सगळं जागच्या जागी होतं. फक्त ती नव्हती.

भूकंपात जुनं शहर पडलं तेव्हा मेल्बा परकरी वयाची होती. आई तिला आणि मोठं पातेलं तेवढं घेऊन या वस्तीत आली. इथं आल्यावर आईनं तिला पहिली गोष्ट शिकवली ती पत्ता. "हरवलीस तर सांगायचं, 'सावर होती तिथून दोन चौक वर'." वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे. खाली म्हणजे मावळतो तिकडे. तिसरी दिशा तळ्याची. चौथीला लोक डोंगराची म्हणत. रस्त्यांना नावं नव्हती, घरांना आकडे नव्हते, आणि कुणाला त्यांची उणीवही भासत नव्हती.

सावर मेल्बानं कधीच पाहिली नाही. ते झाड ती यायच्या आधीच कुणीतरी पाडलं होतं. तिथं टायर दुरुस्तीचं दुकान होतं. तरी लोक सांगताना सावरच सांगत. लहान मेल्बा त्या दुकानापुढून जाताना वर बघायची. एवढी माणसं ज्याचं नाव घेतात ते झाड असं कसं दिसत नाही, याचं तिला फार नवल वाटे.

आई गेल्यावर पातेलं तिच्याकडे आलं. शनिवारी मक्याचं पीठ भिजवायचं, त्यात डुकराची चरबी आणि आंबट संत्र्याचा रस घालून ते ढवळत ढवळत घट्ट करायचं. केळीच्या पानावर पिठाचा गोळा, त्यावर मांसाचा तुकडा, थोडे तांदूळ, बटाट्याची आणि टोमॅटोची चकती, पुदिन्याची काडी. पान चौकोनी दुमडायचं, केळीच्याच सोपटाच्या दोरीनं बांधायचं आणि पातेल्यात रचून चुलीवर उकळत ठेवायचं. नाकातामाल शिजले की ती दारावर लाल दिवा लावायची. दिवा दिसला की लोक यायचे. रविवारी सकाळी वस्तीतल्या घराघरांतून कॉफीबरोबर हीच पानं उघडली जायची.

मग एका रविवारी चर्चमध्ये फादरनं त्या आठवड्यात ज्या घरी जप होणार त्याचा पत्ता वाचून दाखवला, "दोन्या मेल्बापासून एक चौक तळ्याकडे." मेल्बा तिसऱ्या बाकावर बसली होती. तिचे कान तापले. आजूबाजूला कुणीच वळून पाहिलं नाही, कारण वस्तीत लोक केव्हापासूनच तसं सांगत होते. तिच्याच कानावर आलं नव्हतं. त्या दिवसापासून ती चालताना थोडी सावकाश चालू लागली. जिच्यावरून लोक घर शोधतात तिनं उगाच पळापळ करणं बरं दिसत नाही, असं तिला वाटे.

म्हणून तर तिची लेक सिओमारा सान होसेहून कितीदा म्हणाली, "आई, ये ना कायमची, मी एकटी पडते गं," तरी मेल्बा हलली नव्हती. "मी तिकडे आले तर या लोकांनी घरं कशावरून शोधायची?" हे ती गमतीनं म्हणायची, पण तिला ते खरंच वाटायचं. लेकीचं बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं तेव्हा मात्र तिला जावं लागलं. जातानाच सरहद्दीवरच्या गर्दीत कुणीतरी तिचा फोन पळवला. वस्तीतले सगळे नंबर त्यात होते. तिला नंबर पाठ नव्हते, पाठ होते ते पत्ते. शेजारीण कांदिदाला पत्र टाकावं म्हटलं, तर त्यावर लिहायचं काय? माझ्यापासून वीस वार वर? बाळ काचेच्या पेटीत होतं. मेल्बा त्या पेटीपाशी बसून राहिली आणि बाकीचं डोक्यातून गेलं. चार महिन्यांनी बाळ घरी आलं, बाळसं धरू लागलं. सिओमारानं पुन्हा तेच विचारलं, "राहतेस ना?" मेल्बानं पुन्हा तेच उत्तर दिलं आणि बस पकडली. निघताना लेकीनं तिला मिठी मारली नव्हती. बाळ दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती नुसती दारात उभी राहिली होती.

टॅक्सी वळली. "आलं," ड्रायव्हर म्हणाला. "दोन्या मेल्बा होती तिथं."

कोपरा बंद होता. दाराची कडी धुळीनं माखली होती. चुलीच्या दगडांत गुलमोहराचा पाचोळा साठला होता. वीस वार वरच्या बाजूला कांदिदाच्या भिंतीवर निळ्या रंगाची नवी पाटी होती. मेल्बा पाटीपुढे जाऊन उभी राहिली.

"नाकातामाल मिळतील. दोन्या मेल्बा होती तिथून वीस वार वर."

तिनं ती दोनदा वाचली. अक्षर कांदिदाचं होतं. आपल्या मरणाची बातमी शेजारणीच्या वळणदार अक्षरात आणि तीही खाण्याच्या पाटीवर!

कांदिदा दारातच बसून केळीची पानं फडक्यानं पुसत होती. मेल्बानं तिच्या मुलाला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. कांदिदानं मान वर केली. तिच्या हातातलं पान खाली पडलं. मग दुसरं पडलं. तिनं छातीवर क्रूस काढला, एकदा, मग पुन्हा, आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू उभी राहिली.

"कोमाद्रे," ती कशीबशी म्हणाली, "काय राहिलंय तुझं? सांग. माझ्याकडून काही चुकलं का? मी तुझ्या नावानं चर्चमध्ये अजून एक मिस्सा लावते, पण तू शांतपणे जा."

"मला संडासला जायचंय," मेल्बा म्हणाली. "सकाळपासून बसमध्ये आहे. आणि ती कॉफी पातळ का केलीस गं?"

कांदिदा मटकन खाली बसली. पिठाच्या परातीवरच. मग ती रडायला लागली, हसायला लागली, मेल्बाच्या गालाला पीठ लावत तिचं तोंड चाचपू लागली. "गरम आहेस! देवा, गरम आहेस!" ती ओरडली तशी आजूबाजूची दारं उघडली. कुणी किंचाळलं, कुणी गुडघे टेकले. एक म्हातारी घरात पळाली आणि तीर्थाची बाटली घेऊन आली. मेल्बाच्या अंगावर पाणी पडलं आणि ती नाहीशी झाली नाही, तेव्हा म्हातारीचा चेहरा जरा उतरलाच.

मेल्बा आत जाऊन आली. येताना तिला कोपऱ्यातलं मेज दिसलं. त्यावर विझलेल्या मेणबत्त्या, सुकलेली पांढरी फुलं आणि चौकटीत तिचा फोटो. फोटो कांदिदाच्या मुलाच्या बाप्तिस्म्यातला होता. तिच्यापुरताच कापून घेतलेला. पण बाळाचा पंजा कापता आला नव्हता. तो तिच्या खांद्यावर तसाच राहिला होता, मनगटापासून तुटका. मेल्बा बराच वेळ त्या इवल्या पंजाकडे बघत राहिली. तिला काचेची पेटी आठवली.

"कुणी सांगितलं तुम्हाला, मी गेले म्हणून?" बाहेर येऊन तिनं विचारलं.

"एवारिस्तोनं," कांदिदा म्हणाली. "अक्षरशः रडत आला होता गं तो."

न्हावी एवारिस्तो गर्दीतच उभा होता. कुणाची तरी अर्धी दाढी तशीच टाकून धावत आलेला. त्याच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्यावर फेस.

"मी? मी रडत आलो कारण मी हिची पाटी वाचली. 'होती' लिहिलंय ना! मला धक्काच बसला. मी म्हटलं, कांदिदाला नक्की कळलं असणार, जवळची ती. म्हणून मी तिला भेटायला गेलो. म्हटलं, फार वाईट झालं."

"हा आला आणि म्हणाला, फार वाईट झालं!" कांदिदा कपाळावर हात मारून म्हणाली. "मग बाकीचे आले. सगळे रडत होते. मी म्हटलं, सगळ्यांना कळलंय आणि मलाच कुणी सांगितलं नाही."

"पण पाटी तर तूच लिहिलीस!"

"मी लिहिलं ते तू इथं नव्हतीस म्हणून. भांडं बंद, दार बंद, मग काय लिहायचं? 'आहे' लिहिलं असतं तर लोक तुझ्या दारावर थापा मारत बसले असते. मेलीस असं कुठं लिहिलंय मी? मेलीस हे मला लोकांनी सांगितलं."

"आणि लोकांना कुणी सांगितलं?"

"पाटीनं," एवारिस्तो हळूच म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मी फोनही केला होता तुझ्या नंबरवर," कांदिदा आता स्वतःच्या बाजूनं लढू लागली. "एक पुरुष बोलला. मी विचारलं, मेल्बा आहे का? तो म्हणाला, मेल्बा आता नाही. आणि ठेवून दिला. मग मी काय समजायचं, सांग!"

मेल्बानं बोटांवर मोजलं. एक पाटी, एक न्हावी, एक चोर, आणि कुणीही खोटं बोललेलं नव्हतं.

शनिवारी तिनं चूल साफ केली, पीठ भिजवलं, पानं पुसली. कांदिदानं स्वतःची पाटी उतरवली आणि मदतीला येऊन बसली. दोघी दोऱ्या बांधत राहिल्या. कांदिदाच्या गाठी सैल आहेत हे मेल्बाला दिसत होतं, पण ती बोलली नाही. संध्याकाळी तिनं लाल दिवा लावला आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून बसली. सगळं एका वाक्यासाठी. कुणीतरी यावं आणि सहज म्हणावं, 'दोन्या मेल्बाकडे आलोय.' मग झालं. मग लेकीला दारात तसं उभं ठेवून आल्याचंही काही वाटणार नाही.

लोक आले. खूप आले. मेलेल्या बाईच्या हातचं खायला मिळतंय म्हटल्यावर दुसऱ्या वस्तीतलेही आले. सगळ्यांनी तिचा हात दाबून बघितला. एकानं तर तिच्याकडे सोडतीचा आकडा मागितला. देवाघरून आलेल्यांना कळतो म्हणे.

आणि मग एक गिऱ्हाईक, वयानं मोठा माणूस, एका हातात गरम पुडा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन, तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "हो, हो, घेतलेत मी नाकातामाल. कुठं? अगं, दोन्या मेल्बा होती तिथं. कुणाकडून म्हणजे? दोन्या मेल्बाकडून!"

मेल्बानं चिमटा पातेल्यात टाकला.

"एवेलिओ, मी इथं उभी आहे."

"दिसताय ना."

"मग होती कशाला म्हणता?"

त्यानं फोन कानापासून दूर धरला. तो खरोखरच गोंधळला होता. "नाही, ते तुमच्याबद्दल नाही. तो पत्ता आहे."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये फादरनं जपाचं घर वाचून दाखवलं. "या गुरुवारी जप मोराशान कुटुंबात. दोन्या मेल्बा होती तिथून..." वाचता वाचता त्याची नजर तिसऱ्या बाकावर गेली. तो खोकला. चष्मा काढून पुसला. सगळं चर्च वाट बघत राहिलं. मग त्यानं चष्मा घातला आणि पुढचं वाचलं, "...एक चौक तळ्याकडे." दुरुस्त त्यानं केलं नाही. मेल्बाला आता कान तापल्याचंही कळलं नाही. जिथं पहिल्यांदा तिला आपण कोण आहोत ते कळलं होतं, तिथंच आज ते काढून घेतलं गेलं, आणि पहिल्या वेळेसारखंच कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी येऊन तिनं नव्या फोनवरून लेकीला सगळं सांगितलं. सिओमारा खूप हसली.

"म्हणजे आई, तू नसलीस तरी त्यांना घरं सापडतात."

"असं काय बोलतेस?"

"वाईट म्हणून नाही बोलत. तू म्हणायचीस ना, मी आले तर लोकांनी घरं कशावरून शोधायची. चार महिने कुणी हरवलं का?"

मागे बाळ कुरकुरत होतं. "एकदा त्यांना 'आहे' म्हणू दे," मेल्बा म्हणाली. "एकानं तरी म्हणू दे. मग बघू."

तिनं प्रयत्न सोडले नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती टोकायची. लोक जीभ चावायचे, माफी मागायचे आणि वळताच तेच म्हणायचे. कांदिदानं अपराधी वाटून पाटी पुन्हा लावली. 'होती तिथून' वर निळ्या रंगाचा हात फिरवून तिथं नुसतं 'पासून' लिहिलं. पण रंग स्वस्तातला होता. ऊन पडलं की खालचं 'होती' वरच्या निळ्यातून हळूच डोकं काढायचं.

एवारिस्तो एका दुपारी दुकान बंद करून आला आणि तिच्या खुर्चीशेजारी पायरीवर टेकला. "कशाला जिवाला लावून घेतेस, मेल्बा? ती सावर बघ. माझ्या बापानंसुद्धा पाहिली नव्हती. पण अजून जागची हलली का? आणि तो बर्फाचा कारखाना, धडधाकट उभा आहे, त्याला तीन मालकांनी तीन नावं दिली. त्याच्यावरून कुणी पत्ता सांगतं का? मी तर म्हणतो, तुला मान मिळालाय. मला मेल्यावरसुद्धा मिळायचा नाही."

"मी झाड नाही, एवारिस्तो."

"नाहीस," तो म्हणाला. मग जरा थांबून, "एक नाकातामाल दे. गरम आहे का?"

गुलमोहराची फुलं संपून शेंगा लोंबू लागल्या होत्या. एका रविवारी सकाळी, गर्दी ओसरल्यावर, मेल्बा पातेलं घासत होती. एक पोरगी खांद्याला पिशवी अडकवून कोपऱ्यावर आली. या भागात नवी दिसत होती. घामानं निथळत होती.

"दोन्या, जरा सांगाल का? शिवणकामवाल्या मारिसेलाकडे जायचंय. केव्हाची फिरतेय."

मेल्बाचे हात राखेनं भरले होते. लक्ष पातेल्याच्या बुडाकडे होतं, तिथं एक डाग निघत नव्हता.

"सोपं आहे, पोरी," ती न बघताच म्हणाली. "दोन्या मेल्बा होती तिथून एक चौक खाली, मग अर्धा तळ्याकडे. हिरवं दार."

बोलून झालं आणि तिचा हात पातेल्यावरच थांबला.

तिनं स्वतःच्या तोंडाला हात लावला. ओठांवर राख लागली. वाक्य अगदी सहज बाहेर आलं होतं. आईनं शिकवलेला पत्ता यायचा तसं. कुणी तिच्याकडून वदवून घेतलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं.

"आणि दोन्या मेल्बा कुठं होती?" पोरीनं विचारलं.

मेल्बानं मान वर केली. पोरगी खरंच विचारत होती. तिला खरंच माहीत नव्हतं.

"इथं," मेल्बा म्हणाली. "तू उभी आहेस तिथं."

"आता तिथं काय आहे?"

"आता..." मेल्बानं पातेल्याकडे, चुलीकडे, विझलेल्या लाल दिव्याकडे पाहिलं. "आता मेल्बाच आहे. पण तू पुढे कुणाला विचारशील तर 'होती' असंच विचार. नाहीतर सापडायचं नाही."

पोरगी हसली, तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय, आणि आभार मानून खाली गेली. सांगितल्याप्रमाणे वळली. तिला घर सापडणार होतं, यात शंकाच नव्हती.

समोरून कांदिदा हाताला लागलेलं पीठ झटकत आली. "काय झालं गं, कोमाद्रे? भूत बघितल्यासारखी उभी आहेस."

"बघितलं नाही," मेल्बा म्हणाली. "ऐकलं. माझ्याच आवाजात बोलत होतं."

कांदिदानं तिच्या तोंडावरची राख पदरानं पुसावी तशी एप्रनच्या टोकानं पुसली. मेल्बानं पुसू दिली. मग ती चुलीच्या दगडावर बसली. पातेल्याची कड अंगठ्यानं चोळत राहिली. मग विचारलं, "नाताळनंतर माझं पातेलं सांभाळशील? गाठी मात्र घट्ट मारायच्या."

"परत जातेस?"

"लेक एकटी आहे. बाळ बसायला लागलंय म्हणे. मी ते बसलेलं पाहिलं नाही."

"आणि येशील कधी?"

"येईन की. पत्ता माहितीये मला."

कांदिदा तिच्या शेजारी बसली. दोघींनी कांदिदाच्या भिंतीकडे पाहिलं. ऊन सरळ पाटीवर आलं होतं आणि निळ्या रंगाखालचं ते जुनं अक्षर आता लांबूनही वाचता येत होतं.

"मग पाटीचं काय करू?" कांदिदानं विचारलं. "पुन्हा रंगवू का? काय लिहू?"

मेल्बा डोळ्यांवर हात धरून 'होती' आणि 'पासून' हे एकमेकांत मिसळलेले शब्द वाचत राहिली.

"आहे तसंच राहू दे," ती म्हणाली.